येसराचा डबा

शनिवारच्या बाजारात शुभांगी काशीद येसराची, म्हणजे आमटीसाठी धान्य-मसाले भाजून दळलेल्या पिठाची, पाकिटं मांडून बसली होती आणि गुंड आडनावाचा बाजार निरीक्षक जिभली घेऊन ओळीनं पुढं येत होता. जिभली म्हणजे चमच्याएवढं यंत्र. त्याच्या टोकाला चिमूटभर पूड किंवा थेंबभर कालवण लावलं की पदार्थातून सुटणारे दोन-अडीचशे गंधरेणू ते मोजतं आणि त्यांचा एक आलेख काढतं. त्याला चवरेखा म्हणतात. सात वर्षांपूर्वी जिभली आली तेव्हा बार्शीकरांनी तिचं कौतुकच केलं होतं, कारण तिखटात विटेचा भुगा घालणारे तिनं महिनाभरात उघडे पाडले. शुभांगीनं आपणहून पाकीट फोडून पुढं केलं. कर नाही त्याला डर कशाला?

जिभलीचा दिवा लाल झाला.

"काय सापडलं? भेसळ?" ती हसतच म्हणाली.

"भेसळ न्हाई, काकू. नक्कल." गुंड यंत्राकडं बघत म्हणाला. "'रास्त'च्या येसराशी शंभरात सत्त्याण्णव जुळतंय. ही पाकिटं मला उचलावी लागतील."

"नक्कल? अरे, मी तीस वर्षं करतेय हे! त्यांचं दुकान होऊन दोन वर्षं झाली!"

"ज्यानं आधी नोंदवली त्याची चव. कायदाच झालाय तसा गेल्या साली." गुंडाला तिच्या नजरेला नजर देववेना. त्याच्या बहिणीच्या लग्नात याच येसराची आमटी झाली होती.

'रास्त' हे बायपासवरचं दुकान. कंपनी परदेशातली, एकवीस देशांत पसरलेली, नाव तेवढं आपलं घेतलेलं. आत ना सजावट, ना संगीत. माल खोक्यांतच, खोक्याचं तोंड फाडून ठेवलेला. तूरडाळ एकाच प्रकारची, साबण एकाच प्रकारचा, आणि बहुतेक सगळ्यावर कंपनीचाच छाप. दुसऱ्याचा खपणारा माल हेरायचा, आपल्या छापाखाली तसाच काढायचा आणि निम्म्या भावात विकायचा, हा त्यांचा जुना धंदा. पूर्वी एकेक चव साधायला तज्ज्ञांना वर्ष लागायचं. आता चवरेखा मिळाली की कारखान्यातलं यंत्र आठवड्यात तीच चव बनवून देतं. स्वस्त मिळतं म्हणून सगळं गाव तिथं जायचं. शुभांगीही जायची, उगाच खोटं कशाला बोला?

पण तिचा येसर तिथं पोचला कसा? पाकिटं गोळा करणाऱ्या गुंडाकडं बघता बघता तिला चैत्रातली ती पोरगी आठवली.

तेजल नाईकवाडी. 'रास्त'च्या खरेदी विभागातली, रोज परांड्याहून ये-जा करणारी. शुभांगीच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसली, येसराच्या आमटीत भाकरी कुस्करून जेवली आणि म्हणाली, "माझी आईपण करते, पण असा वास नाही येत." शुभांगी विरघळली. दगडफूल सगळ्यात शेवटी, विस्तव मागं ओढून उतरत्या आचेवर परतायचं, हे सासूनं शिकवलेलं मर्मही तिनं सांगून टाकलं. लेकीसारखी पोर, रिकाम्या हाती कशी पाठवायची? स्टीलच्या डब्यात येसर भरून दिला.

चार दिवसांनी तेजल डबा परत घेऊन आली, तोही साखरेनं भरून. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिला माहीत होतं. "आठवण म्हणून" तिनं शुभांगीचा डब्यासह फोटोही काढला. आजकालच्या पोरींत इतकं वळण कुठं असतं, असं शुभांगी गल्लीभर सांगत फिरली होती.

आता ती तडक घरी गेली, फडताळातून तोच डबा काढला आणि रिक्षा करून बायपास गाठला.

दुकानामागच्या काचेच्या खोलीत तेजल जेवायला बसतच होती. "काकू! या ना. पाणी देऊ?"

"पाणी नको. माझी चव तुमच्या नावावर कशी लागली, तेवढं सांग."

तेजलचा चेहरा उतरला. तिनं संगणकाचा पडदा वळवून दाखवला. फोटोत शुभांगी डबा धरून मनापासून हसत होती. खाली लिहिलं होतं: नमुना स्वखुशीने दिला, मोबदला स्वीकारला.

"नमुना दिला आणि त्याच्या बदल्यात काही घेतलं, की व्यवहार पुरा होतो," तेजल हळूच म्हणाली. "कायद्यात सही लागतच नाही."

"बदल्यात? अगं, डबा रिकामा द्यायचा नसतो म्हणून घातलीस ना ती साखर?"

तेजलनं पडदा पुन्हा आपल्याकडं वळवला. मग म्हणाली, "प्रशिक्षणात विचारलं होतं, तुमच्याकडचे लोक कशाला नाही म्हणत नाहीत. मी ही रीत सांगितली. मला त्याबद्दल बढती मिळाली."

शुभांगीच्या अंगाची लाहीलाही झाली. चोराला निदान कुलूप तरी तोडावं लागतं. हिनं जेवून, काकू म्हणून, केसानं गळा कापला होता.

"एक मार्ग आहे," तेजल घाईनं म्हणाली. "चव थोडी बदला. दगडफूल आधीच घाला, धने कमी करा. ऐंशीच्या खाली आलात की जिभली अडवत नाही."

"म्हंजी मुद्दाम बिघडवू?" शुभांगीचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला. "सासूनं तीन वर्षं चुलीम्होरं बसवून हात बसवलाय माझा! एकदा करपला तर अख्खी रास उकिरड्यावर टाकली तिनं, पर वाईट येसर घराबाहेर जाऊ दिला न्हाई. आन् आता चांगला तुमी इकणार, आन् मी माझ्या नावानं वाईट इकू?"

तेजलनं मान खाली घातली. तिच्यासमोर उघडा जेवणाचा डबा होता, आणि त्यातून आमटीचा ओळखीचा वास येत होता. शुभांगी वाकली.

"आईनं दिलीय?"

"हो."

"येसर घरचाच?"

"आईच करते. लग्नसराईत परांड्यात लोकांना पाकिटं करूनही देते. आजी बार्शीची होती, तिच्याकडनं…" बोलता बोलता तेजल थांबली.

टेबलावर दुकानाची जिभली होती. शुभांगीनं ती उचलली आणि तेजलच्या आमटीत बुडवली. तेजलनं हात पुढं केला, पण उशीर झाला होता. दिवा लाल झाला. आकडा आला चौऱ्याऐंशी.

दोघींनी तो आकडा वाचला. मग शुभांगीनं पिशवीतून आपला स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून आत काही नाही हे दाखवलं आणि तेजलच्या डब्याशेजारी ठेवला.

"जल्मात पयल्यांदा रिकामा डबा देतेय कुणाला," ती म्हणाली. "तुझ्या नोंदीत लिही तसं. आन् आता एक सांग पोरी. परांड्यात तुझ्या आईची पाकिटं उचलायला कोण जाणार? तितला निरीक्षक, का तू?"