अकरावी डबी

सव्वीस वर्षं मी छातीच्या दवाखान्यात बेडका तपासतोय. काचेवर पसरायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की टीबी. नावाशी मला देणंघेणं नसतं, फॉर्मवरचं लिंग आणि वय पुरतं. पन्नाशीचा पुरुष इमारत हादरवत खोकतो आणि डबी भरून देतो. तरुण मुलगी भिंतीकडे तोंड करते, रुमालाआड हळूच खाकरते आणि देते नुसती थुंकी. थुंकीत जंतू सहसा सापडत नाहीत. अशी डबी परत करावी, पुन्हा खोकायला लावावं, असा नियम आहे. मला कंटाळा यायचा. थुंकीच तपासायची, निगेटिव्ह लिहायचं, मोकळं व्हायचं.

मग माझी मुलगी खोकू लागली. वय एकोणीस. दोन महिन्यांत कपडे अंगावर लोंबायला लागले. तीनदा तिने डबी दिली, तिन्हीदा थुंकी.

"जरा जोर लाव गं."

"बाबा, तुम्ही असे समोर उभे राहिल्यावर कसं येणार?"

मी बाहेर जाऊन उभा राहिलो, तरी तेच.

डॉक्टर म्हणाले, "छातीच्या फोटोत डाग आहे, पण तुमच्याच हातचे तीन निगेटिव्ह आहेत. तुमची नजर चुकत नाही. थांबू अजून."

ती नुसती थुंकी होती, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सव्वीस वर्षांचे कागद उकरले गेले असते. मी भित्रा माणूस आहे.

सोमवारी सकाळी फॉर्म दहा आले आणि डब्या अकरा. अकरावीवर नाव नव्हतं. चिठ्ठीवर फक्त 'स्त्री, १५'. आत घट्ट, पिवळा बेडका, हवा तसा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर लाल काड्यांनी सगळं भरलेलं.

झाडणाऱ्या मावशींना विचारलं, कोणी ठेवली?

"मीच कुलूप उघडलं, साहेब. आत कोण येणार?"

मंगळवारी 'स्त्री, १६'. बुधवारी १७. प्रत्येक काच लाल. गुरुवारी १८ आली तेव्हा मी जुनी रजिस्टरं काढली. त्या वयाच्या मुली पानोपानी होत्या. निगेटिव्ह, निगेटिव्ह, माझ्याच वळणदार अक्षरात. पुढे त्यांचं काय झालं, ते रजिस्टरात नसतं.

त्या दिवशी घरी गेलो, तर मुलगी जिन्यात बसली होती. दोन पायऱ्या चढून दमलेली. बायको म्हणाली, "अहो, काहीतरी करा ना. तुमच्याच दवाखान्यात आपल्या पोरीला औषध मिळू नये?"

शुक्रवारी माझ्या आधी तिथे कोणीच नव्हतं. कुलूप मीच काढलं.

टेबलावर एकच डबी. 'स्त्री, १९'.

हातात घेतली. कोमट होती.

कोणाची, हे मी विचारलं नाही. पेन काढलं, चिठ्ठीवर माझ्या मुलीचं नाव लिहिलं आणि काच रंगवली. पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी सही केली, दुपारी औषध हातात पडलं. मी संडासात जाऊन ढसाढसा रडलो.

शनिवारी फॉर्म आठ, डब्या आठ.

महिनाभरात पोरगी सुधारली. भूक लागली, गालांवर रंग आला. खोकला थांबला. त्या डब्यांबद्दल मी घरात चकार शब्द काढला नव्हता.

काल सकाळी तिला नेहमीसारख्या उपाशीपोटी गोळ्या दिल्या. तिने पाण्याबरोबर गिळल्या. मग पेला खाली ठेवून हात पुन्हा पुढे केला.

"काय गं?"

"बाबा," ती अगदी साधेपणाने म्हणाली, "आणि बाकीच्या चौघींच्या?"