पौष लागण्याआधी

"या पुस्तकावर दुसऱ्या कुणाचा तरी होल्ड आहे, म्हणजे मागणी नोंदवलेली आहे. आता तुम्हाला ते परत मिळणार नाही."

टेक्सासमधल्या अर्विंग गावच्या सार्वजनिक ग्रंथालयातील बाईंनी हे शांतपणे सांगितले, तरी समोरच्या तरुणाने पुस्तक छातीशी धरूनच ठेवले. "सत्तर पानं राहिलीत हो... खुनी कोण ते अजून कळलं नाही."

मागे उभ्या असलेल्या नेत्राला हसू आवरेना. त्र्यंबक हे नाव त्याने बाईंना तीनदा उच्चारून दाखवले होते, त्यामुळे त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे हा प्रश्न नव्हता.

"होल्ड माझा आहे," ती म्हणाली. "आणि तीन डोळे असून सत्तर पानं राहिली?"

तो वळला. क्षणभर पाहतच राहिला. "आपलं नाव?"

"नेत्रा."

"म्हणजे चौथा," तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की तिने मान खाली घातली.

सन २००२ च्या सप्टेंबरातील तो शनिवार. कादंबरी होती रहस्याची, टेक्सासच्या रेडिओवर अहोरात्र वाजणाऱ्या कंट्री संगीताच्या जगातली. एका विख्यात गायिकेचा ध्वनिमुद्रणाच्या खोलीत खून होतो, आणि तिच्याभोवतीचा प्रत्येक जण संशयित ठरतो. नेत्राच्या जुन्या गाडीचा रेडिओ अशाच गाण्यांच्या एका स्टेशनावर अडकलेला होता. ऐकता ऐकता ती गाणी आवडू लागल्याचे तिने सांगून टाकले.

"मलाही," त्र्यंबक म्हणाला. "या गाण्यांत माणसाचं सगळं जातं. बायको, घर, कुत्रासुद्धा. पण सूर जात नाही."

मग तोडगा निघाला. दर शनिवारी खिडकीजवळच्या टेबलाशी दोघांनी मिळून दोन प्रकरणे वाचावीत.

"पण मी पहिल्या पानावर आहे," नेत्रा म्हणाली.

"मीही पहिल्यापासून वाचतो. घाई कुणाला आहे?"

तिसऱ्या शनिवारी 'तुम्ही' आपोआप गळून पडले. पान उलटताना बोटाला बोट लागे, आणि दोघेही एकदमच हात मागे घेत. ऑक्टोबर सरता सरता त्र्यंबक थोडा अबोल झाला, वाळल्यासारखाही दिसू लागला. नेत्राने त्याचा अर्थ आपल्या मनाजोगता लावला.

नोव्हेंबरात कादंबरी संपली. खुनी निघाला तो गायिकेच्या मागे दोन पावलांवर वीस वर्षे गिटार वाजवीत उभा राहिलेला, एक शब्दही न बोललेला वादक.

"वीस वर्षांत एकदा तरी बोलायला काय झालं होतं याला?" नेत्राने विचारले.

"तो काय देणार होता तिला? ज्याच्या पायाखाली जमीन नाही, त्यानं कुणाचा हात मागू नये."

"ते त्यानं ठरवायचं, की तिनं?"

त्र्यंबकाने पान उलटले. पुढे पानच नव्हते.

तेव्हा तिने पर्समधून कागद काढले. पुण्याहून वडिलांनी पाठविलेली सात स्थळे. "तीन आठवड्यांची रजा. सात मुलगे बघायचे. एक पसंत करायचा. आणि पौष लागण्याआधी लग्न, कारण पौषात मुहूर्त नाहीत."

त्याने कागद घेतले, चष्मा नाकावर सारला. "संशयित क्रमांक चार. छंद— वाचन, ट्रेकिंग, संगीत. क्रमांक पाच, तेच. क्रमांक सहा, तेच. यात मोठा कट दिसतो यार."

ती हसली, डोळे मात्र भरून आले. या यादीत तू का नाहीस, हे शब्द ओठांवर येऊन परत फिरले. मुलीने विचारायचे नसते, हे टेक्सासात येऊनही तिच्या अंगातून गेले नव्हते.

चौदा डिसेंबरला पार्किंगमध्ये भुरभुर पाऊस होता. ती गाडीच्या दाराशी थांबली.

"उद्या फ्लाइट आहे माझं."

"माहीत आहे."

"काही... सांगायचं आहे?"

त्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "पुण्यात थंडी असेल. स्वेटर हाताशी ठेव."

मौनाने सर्व काही साधते असे जुनी माणसे सांगत आली. त्यांना बहुधा केवळ तंटे ठाऊक असावेत.

पुण्यात तिने पहिली चार स्थळे कसल्या ना कसल्या निमित्ताने नाकारली. रोज संध्याकाळी सायबर कॅफेत जाऊन ती मेल उघडी. त्र्यंबकाची एक ओळही नसे. चोवीस तारखेला पाचवा मुलगा आला. राजीव. शांत, सालस. बाबांनी तिच्याकडे नुसते पाहिले. ती 'हो' म्हणाली. एकोणतीस तारखेला लग्न लागले.

जानेवारीत ती परतली. त्र्यंबक त्याच टेबलाशी होता. तिला पाहताच उठला. चेहरा उजळलेला, हातात एक पत्र. मग कोटाच्या गळ्याशी दिसणाऱ्या काळ्या मण्यांवर त्याची नजर स्थिरावली, आणि त्याने पत्राची हळूच घडी केली.

"काय आहे ते?"

"नोकरीचं पत्र. काल आलं."

"नोकरी होतीच की तुला."

"ऑक्टोबरात प्रोजेक्ट संपला. नवं काम मिळेपर्यंत कंपनीनं बेंचवर बसवलं, बिनपगारी. केव्हा भारतात परत जावं लागेल याचा नेम नव्हता. तुझ्या बाबांकडे कोणत्या तोंडानं जाणार होतो?"

"बाबांकडे कशाला? माझ्याकडे यायचं होतंस. मध्ये एवढं टेबलच तर होतं."

त्याची नजर पुन्हा काळ्या मण्यांकडे गेली. "तुझे यजमान कसे आहेत?"

"चांगला आहे. त्याच्यावर रागावतासुद्धा येत नाही." तिने टेबलावर दोन्ही हात टेकले. "आता तरी विचार, त्र्यंबक. एकदाच."

"आता ते योग्य नाही."

"तीन महिने योग्य तेच तर करत आलास."

त्याने मान खाली घातली. मग जेमतेम ऐकू येईल असे म्हणाला, "त्या पावसात मी विचारलं असतं तर..."

"हो म्हटलं असतं. फ्लाइट कॅन्सल केलं असतं."

उच्चारल्यावर तिला कळले, की याहून निष्ठुर वाक्य तिने जन्मात कुणाला ऐकविले नव्हते. निकाल ऐकणाऱ्याने मान डोलवावी, तशी त्याने मान डोलविली.

"तू आधी जा," ती म्हणाली. "आणि मागे बघू नकोस."

तो निघाला. त्याने वळून पाहिले असते, तर आपल्या हातून काय झाले असते हे तिला पक्के ठाऊक होते. आणि सांगितलेले तो कधी मोडणार नाही, हेही.