पाक विर्योंचा शेवटचा शब्द

"मरताना माझ्या भावाचं नाव घेतलं, असं पोलीस म्हणतात," लेस्तारी म्हणाली. "दानांग भांडखोर आहे, बू. पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर घणाचा दांडा हाणणारा नाही."

बू एन्दाहनी तिच्यापुढे चहा सरकवला. त्या सोलो शहरात बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवत असत. शाळा सुटली आणि लोकांच्या अडचणी उकलण्याचं काम मागे लागलं. जुना ड्रायव्हर त्रिस्नो तेव्हापासून सोबत होता.

"नाव कुणी ऐकलं?"

"त्यांच्या मुलीनं. रुक्मीनं."

पाक विर्यो हे गोंग, म्हणजे टांगून वाजवायच्या काशाच्या मोठ्या थाळ्या, घडवणारे गावातले नावाजलेले कारागीर; दानांग त्यांच्याच भट्टीवर कामाला होता. आदल्या दुपारी ते भट्टीपाशी पडलेले सापडले होते. दवाखान्याची गाडी येण्याआधी घरीच त्यांनी प्राण सोडला.

रुक्मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"जखम कुठे होती?" बू एन्दाहनी विचारलं.

"डोक्याला मार होता. वरचा ओठ उभा फाटलेला, खालचा सुजून लोंबत होता. दात आणि जीभ मात्र ठीक होती."

"काय बोलले? तुला काय वाटलं ते नको. कानाला जसं ऐकू आलं तसं सांग."

रुक्मी आठवत राहिली. "आधी 'निनुन' म्हणाले. कळेना. मग पेल्याकडे बोट केलं, तेव्हा समजलं, 'मिनुम', पाणी हवंय. मग मला हाक मारली. 'रुक्नी' म्हणाले. शेवटी शेवटी माझं नावही धड राहिलं नाही त्यांना." तिने ओढणीचं टोक तोंडाला लावलं. "मग म्हणाले, 'गोंग'. हे अगदी स्वच्छ. आणि मग 'दान्दांग'. तीनदा."

"दान्दांग? भात वाफवायचं भांडं?"

"मी धावत जाऊन आणलं ना ते. हाताशी ठेवलं. ते मान हलवत राहिले. इतक्यात बाम्बांग, माझा नवरा, बाजारातून आला. त्यानंतर बापाक बोललेच नाहीत. डोळे मिटून घेतले."

"मग यात दानांग कुठून आला?"

"फौजदार म्हणाले, मरताना भांडं कोण मागतं? तोंड फाटलंय, म्हणून दानांगचं दान्दांग झालं. आणि आदल्या दिवशी दोघांचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं."

बाहेर आल्यावर त्रिस्नो म्हणाला, "फौजदाराचं चुकलं कुठे, बू? असल्या तोंडातून शब्द वाकडेच येणार."

"सगळे नाही, मास त्रिस्नो. 'गोंग' सरळ आला की."

कोठडीत दानांग गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"भांडण कशावरून?"

"खरं बोललो म्हणून. पाक विर्योंच्या आजोबांनी घडवलेला मोठा गोंग आहे ना, त्याचा नाद लाटेसारखा हळूहळू विरायचा. परवा मी पुसताना बोटानं टिचकी मारली, तर नाद मध्येच तुटला. म्हटलं, हा तो गोंग नाही. म्हातारा खवळला. घरातल्या वस्तूवर संशय घेतोस, चालता हो, म्हणाला."

"भट्टीवर आणखी कोण असतं?"

"जावईबापू. दुसरं कोण?"

बाम्बांग भट्टीवरच भेटला. उंच, मृदू आवाजाचा. मोठा गोंग कोपऱ्यात टांगलेला होता.

"शेवटी 'गोंग' का म्हणाले असतील?"

"जन्मभर तेच केलं, बू. आणखी काय आठवणार?"

"हा वाजवून बघू?"

"नको." तो झटकन मध्ये आला. "फुलं वाहिल्याशिवाय याला हात लावत नाही आम्ही."

बू एन्दाहनी मान डोलावली. "बरोबर आहे. रुक्मीला जरा बोलवाल?"

रुक्मी आली. मागोमाग लेस्तारीही येऊन दाराशी उभी राहिली.

"मास त्रिस्नो, दोन्ही ओठ बोटांनी धरून लांब ठेवा. एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. आता म्हणा, दानांग."

"दानांग," त्रिस्नो म्हणाला.

"स्वच्छ. कारण द आणि न जीभ घडवते, वरच्या दातांमागे टेकून. शेवटचा अनुनासिक मागे, घशाजवळ होतो. 'गोंग'चंही तेच. ओठांचं तिथं कामच नाही. पाक विर्योंना दानांग म्हणायचं असतं तर ते सहज म्हणता आलं असतं. मधला जादा द कशाला घातला असता?"

बू एन्दाहनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

"प, ब, म यांना मात्र ओठ मिटावे लागतात. ते मिटत नसले की माणूस गप्प बसत नाही. जीभ मदतीला येते, जवळातली जवळ जागा पकडते. ब चा द होतो, म चा न. शाळेत फाटक्या ओठाची मुलं यायची माझ्याकडे, रोज ऐकत होते. म्हणून मिनुमचं निनुन झालं. रुक्मी, तुझं नाव ते विसरले नव्हते. म साठी ओठ नव्हते त्यांच्याकडे."

रुक्मीने ओठ मिटून हळूच 'म' म्हणून पाहिलं.

"आता पाक विर्यो काय म्हणाले असतील ते म्हणा, मास त्रिस्नो. ओठ सोडू नका. बाम्बांग."

त्रिस्नोने प्रयत्न केला. तोंडातून आलं, "दान्दांग."

तो स्वतःच दचकला. ओठ सोडून बोटांकडे बघत राहिला.

"फाटक्या तोंडानं कुणीही काहीही म्हणेल," बाम्बांग म्हणाला. आवाज अजून मृदूच होता. "यावरून माणसाला खुनी ठरवता?"

"नाही. यावरून फक्त नाव कळतं. बाकीचं तो गोंग सांगेल. दानांगला हाकललं, तरी त्याचं बोलणं म्हाताऱ्याच्या मनात राहिलं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वाजवून पाहिला असेल. ज्यांनी जन्मभर कानानं काम केलं, त्यांना किती वेळ लागणार?"

बू एन्दाहनी कोपऱ्यातला गोंग वाजवायचा दांडका उचलला. बाम्बांग पुढे झाला, पण त्याच्याआधी रुक्मी मध्ये उभी राहिली होती.

"वाजवा, बू."

नाद उठला, भट्टीभर पसरला आणि मध्येच संपला.

रुक्मी नवऱ्याकडे वळली. "आजोबांचा गोंग कुठे आहे?"

तो राखेकडे बघत म्हणाला, "सेमारांगला. एका शौकिनानं विकत नेला." मग खाली बसला. "त्यांनी घणाचा दांडा हिसकावला माझ्या हातून, मी ओढून घेतला आणि हाणला. मला एवढंच हवं होतं की त्यांनी ओरडू नये. गल्लीला कळलं असतं, रुक्मी."

"आणि मी त्यांच्या हाताशी भांडं ठेवत होते," ती म्हणाली. "ते सांगत होते, आणि मी भांडं पुसून ठेवत होते."

"तू ऐकलंस ते जसंच्या तसं सांगितलंस," बू एन्दाह म्हणाल्या. "फौजदारासारखं स्वतःच्या सोयीनं सुधारलं असतंस, तर आज कुणालाच काही कळलं नसतं."

लेस्तारीने पुढे होऊन तिला धरलं. रुक्मीने तिचे हात हळूच सोडवले, चेहरा धुतला, साधी ओढणी घेतली.

पोलीस चौकीत जायला त्रिस्नोने गाडी काढली. फौजदाराला मी सांगते, असं बू एन्दाह वाटेत म्हणाल्या. रुक्मी नको म्हणाली.

फौजदाराने कागद पुढे ओढला. "तुमच्या वडिलांनी कुणाचं नाव घेतलं?"

रुक्मीने ते नाव सावकाश, स्पष्ट उच्चारलं.