बाईंचा चोचवाला

कशेडी घाटात दरड कोसळली की माणसांच्या ओळखी वाढतात. एरवी एकमेकांवर चिखल उडवून निघून जाणाऱ्या गाड्या मुकाट एका ओळीत उभ्या राहतात, ड्रायव्हर बिड्या शिलगावतात, बायका डबे सोडतात. ज्यांनी जन्मात एकमेकांची तोंडं पाहिली नसती, ती माणसं घटकाभरात एकमेकांच्या मामा-मावश्यांची चौकशी करू लागतात. एकोणऐंशी सालच्या भाद्रपदात, एका सोमवारी सकाळी, कुंदा साळवीची एसटी अशीच अडकली.

कुंदा घाटातल्या धारेवाडीच्या शाळेत मास्तरीण. घर महाडला, वडील कचेरीत कारकून. शनिवारी घरी जायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायचं, असा तिचा क्रम. धारेवाडी आता मैलभरच उरली होती आणि शाळेची वेळ होत आली होती. ती पिशवी सावरत उतरली आणि सरळ चालू लागली. पाऊस भुरभुरत होता. तिच्याकडे छत्री होती, पण ती तिनं डोक्यावर धरली नव्हती. काखेतल्या कागदांच्या लांबलचक गुंडाळीवर धरली होती.

"ओ बाई, छत्रीखाली माणसानं ऱ्हायचं असतं!"

रांगेतल्या एका ट्रकच्या दारात एक तरुण पाय सोडून बसला होता. कुरळे केस, मानेला रुमाल, आणि चेहऱ्यावर दरड कोसळल्याचं काडीचं दुःख नाही.

"मी भिजले तर वाळेन," कुंदा न थांबता म्हणाली. "हे भिजलं तर संपलंच."

"असं काय हाय त्यात?"

"जनावरं."

"मेलेली का जित्ती?"

कुंदाला हसायचं नव्हतं. अनोळखी ट्रकवाल्याच्या बोलण्यावर भर रस्त्यात हसणं तिच्यासारख्या मास्तरणीला शोभणारं नव्हतं. पण ओठांनी ऐकलं नाही. तेवढ्यात त्यानं उडी मारली, ताडपत्रीचा एक तुकडा ओढून काढला आणि गुंडाळी तिच्या हातातून घेऊन नीट गुंडाळून सुतळीनं बांधलीही.

"कुठं जायचं?"

"धारेवाडीला. शाळेत."

"म्हंजे जानकी आत्येकडं ऱ्हातात त्या बाई तुम्हीच?" तो खुलला. "मी चंदू. तिचा भाचा. दरड काय दुपारशिवाय हलत नाय. चला, तुमची जनावरं पोचवतो."

बौद्धवाडीतल्या जानकीबाईंच्या पडवीत कुंदा जूनपासून राहत होती. 'माझा चंदू असा आणि माझा चंदू तसा' हे तिनं इतकं ऐकलं होतं की तिला चंदू न पाहताच नकोसा झाला होता. मंगळुरी कौलं घेऊन तो मुंबईच्या खेपा करायचा, महिन्यातून एखाद-दोन वेळा घरी उगवायचा. आता प्रत्यक्ष पाहिल्यावर... तसा नकोसा वाटेना.

वाटेतल्या पत्र्याच्या थांब्याखाली त्यानं हट्टानं गुंडाळी उघडायला लावली. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूंवर रंगीत चित्रं होती. महाडच्या वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकावरून कुंदानं प्रत्येक रविवारी एकेक काढलेलं.

"हा झाडाला उलटा टांगून काय करतो?"

"काही नाही. तेच त्याचं काम. स्लॉथ म्हणतात त्याला. इतका संथ, की अंगावरच्या केसांत शेवाळ उगवतं. आठवड्यातून एकदाच काय तो झाडावरून उतरतो."

"कशाला?"

कुंदा अडखळली. "...परसाकडं."

चंदू इतका हसला की पत्र्यावर बसलेला कावळा उडाला. "आणि ह्याला बदकाची चोच कोणी चिकटवली? तुमचा हात हलला काय?"

"तो प्लॅटिपस. चोच त्याचीच आहे. त्याची मादी अंडी घालते आणि पिलांना दूधही पाजते."

"बाई, आम्ही ट्रकवाली माणसं. ढाब्याढाब्यावर थापा ऐकल्यात. पण ही म्हंजे..."

"थाप नाही," कुंदा म्हणाली. तिच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते आणि आवाज मात्र फळ्यापुढचा होता.

चंदूनं तिच्याकडे पाहिलं. जरुरीपेक्षा थोडं जास्तच पाहिलं. "बरं," तो हळूच म्हणाला आणि गुंडाळी पुन्हा खांद्यावर घेतली.

त्यानंतर चंदूच्या खेपा वाढल्या. मुंबईला एकाएकी कौलांची एवढी गरज का पडली, ते जानकीबाईंनी विचारलं नाही. चंदू पडवीच्या पायरीवर बसून विचारायचा, "आज कुठलं जनावर?" आणि कुंदा वह्या तपासता तपासता सांगायची. एकदा तो म्हणाला, "बाई, तुमच्या ह्या समद्या जनावरांत ट्रकवाला कुठं बसतो?" ती मान वर न करता म्हणाली, "पायरीवर."

शाळेत शुक्रवारचा शेवटचा तास जनावरांचा झाला होता. पोरं सकाळपासून त्याची वाट बघायची. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर टिकेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. धोक्याची चाहूल लागताच अंगाचा चेंडू करणारा आर्माडिलो झाला 'गाठोडं'. दात एकही नाही पण हातभर जिभेनं मुंग्या टिपणारा तो 'जिभल्या'. स्लॉथ 'आळसोबा'. आणि प्लॅटिपस म्हणजे 'चोचवाला'. सगळ्यांत लाडका तोच.

घोटाळाही त्यानंच केला. शाळा समितीचे कोंडाजी पाटील जेवायला बसले असताना नातवानं जाहीर केलं, की जगात एक जनावर अंडी घालून दूध पाजतं. कोंडाजींचा घास हातात राहिला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, पारावर एकच विषय. बाई पोरांना भलतंसलतं शिकवते. शनिवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर गाव जमलं.

"बाई, खवल्या मांजर आम्ही आमच्या रानात बघितलंय," कोंडाजी म्हणाले. माणूस रागीट नव्हता, पण खऱ्या-खोट्याचा पक्का होता. "माशावानी खवलं, नि पोराला शेपटीवर बसवून नेतं. ते मानलं. पण अंडं नि दूध एका घरात? कोणी बघितलंय?"

"पुस्तकात आहे," कुंदा म्हणाली.

"छापायला काय, कायबी छापतील. पोरांना खोटं शिकवायचं असंल तर पोलादपूरच्या कचेरीस कळवून आम्ही दुसरा मास्तर मागू."

ही शाळा तिला आवडत होती. पण नोकरीपेक्षा जास्त लागलं होतं ते 'खोटं' हा शब्द. ती काही बोलणार, तोच मागून आवाज आला.

"मी बघितलाय."

चंदू. नुकताच ट्रक लावून आलेला.

"मुंबईला, राणीच्या बागेत. या दोन डोळ्यांनी. चपटी चोच, फळकुटासारखी शेपूट. बाई म्हणतात तस्साच." इथं थांबला असता तर तो चंदू कसला! "मी शेंगदाणे टाकले तर मटामटा खाल्लेनीत!"

गाव निवलं. चंदू म्हणजे मुंबई बघितलेला माणूस. कोंडाजींनी बाईंपुढे हात जोडले आणि वर म्हणाले, "मंग भाताची झोडणी झाली की पोरांना तुझ्याच ट्रकात घालून राणीच्या बागेत नेऊ. मीबी येतो." पोरांनी असा गिल्ला केला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

चंदू विजयी मुद्रेनं पडवीत आला. कुंदा खांबाला टेकून उभी होती.

"जिंकलात की नाय बाई?"

"मी तुम्हाला साक्षीला बोलावलं होतं?" तिचे डोळे भरले होते. "माझं खरं होतं हो. शंभर टक्के खरं. आता त्याच्या बुडाशी तुमचं खोटं बसलंय. आणि प्लॅटिपस शेंगदाणे खात नाही!"

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. चंदू बिचारा शेंगदाण्यांचा विचार करत राहिला.

मग अबोला. चंदू यायचा, पायरीवर बसायचा. कुंदा वह्यांत डोकं घालायची. शेतात भात पिवळं पडलं, दिवाळी होऊन गेली, खळी सारवली गेली आणि पोरं रोज विचारू लागली, "बाई, चोचवाल्याकडं कधी जायचं?" कुंदा म्हणायची, "चंदूकाकांना विचारा."

एका संध्याकाळी तो आला तो पडेल चेहऱ्यानंच.

"माल उतरवून राणीच्या बागेत गेलतो," तो म्हणाला. "समदे पिंजरे पालथे घातले. रखवालदाराला विचारलं, तो चोचवाला कुठं हाय? म्हनला, बदकं तळ्यात हायत."

कुंदानं पदर तोंडाला लावला. पण हसू फुटलंच.

"भारतातल्या कुठल्याच बागेत नाही तो. ऑस्ट्रेलियात असतो, नदीकाठच्या बिळात."

"हे आता सांगताय!"

"साक्ष देण्याआधी विचारलंत?"

चंदू जमिनीकडे बघत म्हणाला, "बाई, एक करा. पोरांना सांगा, तो म्हातारा होता... मेला. तुम्ही सांगितलंत की मानतील."

"नाही."

"निम्म्या गावाची पोरं मुंबईस हायत. आयाबाया तांदूळ, लोणची, निरोप माझ्याकडं देतात. 'तुझी आय बरी हाय' असं मी बोललो की तिकडं पोरगा निवांत होतो. उद्या चंदू खोटं बोलतो म्हटल्यावर माझ्या निरोपाला काय किंमत ऱ्हाईल?"

हे कुंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला त्याचं फार वाईट वाटलं. एका वाक्याचा तर प्रश्न होता.

"माझ्यासाठी?" चंदू म्हणाला.

"तुमच्यासाठी तर नाहीच," ती म्हणाली. "माझं तुमच्याबद्दल जे काही... जे काही असेल, त्यात मला खोटं नको आहे."

"जे काही म्हंजे काय?"

"जे काही म्हणजे जे काही. जा आता."

तो गेला खरा, पण उंबऱ्याला ठेचकाळून गेला.

पुढच्या शुक्रवारी, नेमकी जनावरांच्या तासाला, कोंडाजी सहलीचा दिवस ठरवायला शाळेत आले. त्यांच्यामागे चार-दोन बापे, जानकीबाई आणि त्यांची शेजारीण राहीबाई. कुंदाच्या हातातला खडू थांबला. आज विचारलं की आपण खरं सांगायचं, हे तिनं ठरवलं होतं; आणि त्या खऱ्यानं चंदू गावाच्या मनातून उतरेल, हेही तिला कळत होतं.

पण कोणी विचारायच्या आधीच चंदू दारात उभा राहिला. केसांना तेल, अंगात धुतलेला सदरा.

"पाटील, पोरांनो, मी खोटं बोललो. राणीच्या बागेत चोचवाला नाय. मी तो कधी बघितला नाय."

पहिल्या रांगेतून रडवेला आवाज आला, "म्हंजे बाईंचंबी खोटं?"

"नाय! बाईंचं खरं हाय."

"तू बघितला नाय, तर तुला कसं ठाव?" कोंडाजी कडाडले.

"सांगतो. मी बाईंच्या हातापाया पडलो. म्हटलं, तो मेला म्हणून सांगा, तेवढ्यानं मी वाचतो. नाय म्हणाल्या. माझी अब्रू वाचवायला ज्या एवढंसं खोटं बोलल्या नाय, त्या कुठल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या जनावरासाठी बोलतील? मी काय बघितलेलं नाय, पाटील. पण बाई म्हणतात ना, म्हंजे तो हाय."

कोंडाजींनी बराच वेळ मिशीवरून हात फिरवला.

"हे मात्र बरोबर बोललास," ते शेवटी म्हणाले. "आणि गावासमोर उभा राहून कबूल केलंस, तेबी बरं केलंस. राणीच्या बागेत हत्ती तरी हाय ना? मंग हत्ती बघू." एवढं बोलून ते कुंदाकडे वळले. "पण बाई, एक सांगा. हा खोटं कशापायी बोलला?"

कुंदानं खडू फळ्याखाली ठेवला. "माझ्यासाठी," ती म्हणाली.

बापे एकमेकांकडे बघू लागले. राहीबाईंनी जानकीबाईंना कोपरानं ढोसलं. जानकीबाईंना ढोसण्याची गरजच नव्हती. त्या भाद्रपदापासून टपून बसल्या होत्या.

"मंग आता माझ्याबी एका सवालाचं उत्तर दे गो कुंदा," त्या पुढे आल्या. "हा माझा येडा तुला आवडतो का?"

"आत्ये!" चंदू ओरडला.

"तू गप रे. मी तिला विचारते. ती खोटं बोलत नाय ना?"

सगळ्या वर्गानं माना वर केल्या. कुंदाच्या कानशिलांतून ऊन वाफा निघत होत्या. 'नाही' म्हणणं सोपं होतं. 'हा काय प्रश्न झाला' म्हणून रागावणं त्याहून सोपं. पण तिनं दारातल्या चंदूकडे पाहिलं... तो श्वास घ्यायचा विसरला होता.

"हो," ती म्हणाली. "आवडतात."

आणि जरा थांबून, कारण अर्धवट उत्तर तिला चालत नसे, "पहिल्या दिवसापासून."

चंदू मटकन खाली बसला, तो थेट पहिलीच्या पोरांच्या मधोमध. कोंडाजी गडगडून हसले. जानकीबाईंनी डोळे पुसले आणि उद्याच्याच गाडीनं महाडला कुंदाच्या वडिलांकडे जायचं जाहीर करून टाकलं. कुंदा आपली फळ्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. पाठीमागून चंदूचा दबका आवाज आला, बाजूच्या पोराला विचारत असलेला:

"काय रे, बाई खरंच खोटं बोलत नाय ना?"

"कधीच नाय," पोरगं म्हणालं.