दुसरी किल्ली

वाऱ्याने दार ओढून घेतले आणि भूगोलाच्या निवृत्त बाई स्वतःच्याच घराबाहेर उभ्या राहिल्या. हातात झारी, पायांत घरातल्या चपला, जिन्यावर दुपारचे फिकट ऊन.

कोपऱ्यावरचा कुलूपवाला आला. पांढऱ्या केसांचा, खिशात कानस. तो दारापुढे बसताना काहीतरी करकरले.

"बिजागरी का हो?"

"गुडघा. दार तरुण आहे, बाई."

कुलूप उघडल्यावर त्याने विचारले, "दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"आत. ड्रॉवरमध्ये."

"म्हणजे... कुणाकडेच नाही."

बाईंनी हातातली झारी खाली ठेवली. मागे एकदा न्हाणीघरात घसरून त्या दोन तास एकट्या पडून होत्या. तेव्हापासून मुलीने फोनवर धोशा लावला होता — महिनाअखेरपर्यंत दुसरी किल्ली कुणाला तरी दे, नाहीतर मी तुला इकडे घेऊन येते. कुलूप उघडून मिळाले त्या रात्री बाई हक्काची माणसे बोटांवर मोजायला बसल्या. मूठ मिटलेलीच राहिली.

मग कुलूप वारंवार कुरकुरू लागले. मंगळवारी घट्ट, शुक्रवारी सैल. तो येई, तेल घाली, चहा घेई, भिंतीवरच्या नकाशात नद्यांचे उगम विचारी.

"कुलपाला काहीएक झालेलं नाही, बाई."

"मग तेल कशाला घातलंत?"

"चहा... अजून व्हायचा होता."

महिना सरत आला. बाईंनी धीर करून किल्ली त्याच्यापुढे धरली. "ठेवाल?"

त्याचा हात मागे गेला. "गिऱ्हाइकाची किल्ली ठेवत नाही मी. चाळीस वर्षांचा नियम आहे."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते. तो गेल्यावर त्यांनी भिंतीवरचा नकाशा उतरवला, हलकेच गुंडाळला.

सकाळी घंटी वाजली. तोच. इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारे नाहीत. त्याने टेबलावर एक किल्ली ठेवली.

"माझ्या घराची. जन्मभर लोकांची दारं उघडली... माझं उघडायला कुणी नाही."

"आणि तुमचा नियम?"

"तो गिऱ्हाइकांसाठी. यापुढे कुलूप दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त करून घ्या."

"बिघडलंय कुठे मेलं!"

हसत हसतच बाईंनी ड्रॉवर उघडला. या वेळी त्याचा हात मागे गेला नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, दिलीस का किल्ली कुणाला?"

बाईंनी पाहिले — तो खुर्चीवर चढून नकाशा पुन्हा टांगत होता, गुडघा करकरत होता.

"दिली गं," त्या म्हणाल्या. "आणि एक घेतलीसुद्धा."