वळचणीच्या बाळगाड्या

नातीला आणायला गेले होते, एवढंच. मुलगी मासळीच्या कारखान्यात दुपारपाळीला, जावई बोटीवर, म्हणून सिग्नेला पाळणाघरातून लवकर घरी न्यायचं काम माझ्याकडे आलं. वाटेत बेकरीतून दालचिनीचे पाव घेतले आणि चालता चालता मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. भांडण पाळणाघराच्या छपराचं होतं.

ध्रुवाजवळच्या या बेटावरच्या साप्ताहिकात मी आयुष्यभर बातमीदारी केली. या छपराबद्दल दोन हिवाळे लिहीत होते. जुनं छप्पर गवत-मातीचं होतं. त्यावर बर्फ बसला की वसंतापर्यंत हलत नसे. नगरपालिकेनं ते उतरवून गुळगुळीत पत्रा चढवला. बर्फ अडवून धरणारे गज मात्र पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी. आणि बाळगाड्या? त्या वळचणीलाच. माझ्या आईनं मला तिथेच झोपवलं, मी मुलीला तिथेच झोपवलं, आता सिग्ने. तिथे वारा लागत नाही, बाळं गाढ झोपतात. डोक्यावरचं छप्पर बदललं, आमची सवय बदलली नाही.

डिसेंबर होता. सूर्य नोव्हेंबरातच निरोप घेऊन गेलेला. भर दुपारी आकाश शाई सांडल्यासारखं निळं होतं आणि रस्त्यावरचे दिवे जळत होते. पण त्या दिवशी नैर्ऋत्येचा उबदार वारा सुटला होता. पन्हाळीतून थेंब टपकत होते. हवेत ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास होता. मला तो वारा आवडला नाही. असाच वारा गुळगुळीत पत्र्यावरचा बर्फ सैल करतो.

वळचणीला चार गाड्या होत्या, झाकणं ओढलेल्या. जाता जाता मी सिग्नेच्या गाडीत डोकावले. लोकरीच्या टोपीतून फक्त नाक दिसत होतं. झोपलेल्या बाळाची गाडी आम्ही जागची हलवत नाही. जाग आली की आत आणायची, हा इथला रिवाज. मीही हलवली नाही. आधी पाळणाघराच्या मुख्य बाईंना, बेरितला, गाठायचं आणि तिच्याच हातानं हलवायला लावायची, असं मी ठरवलं.

स्वयंपाकघरात बेरित नव्हतीच. मोठ्या मुलांना घेऊन ती किनाऱ्यावर गेली होती. दुसरी बाई आजारी. पातेल्यात मासळीचं सूप ढवळत एकटी इनेश उभी होती. ही पोर्तुगालची मुलगी, जेमतेम विशीची. वर्षभर स्वयंसेविका म्हणून आमच्याकडे आली होती. राहायला खोली, जेवण आणि थोडा हातखर्च.

“तुला एकटीला टाकून गेली?” मी विचारलं.

“तासाभरात येते म्हणाल्या. तुम्ही बसा ना.”

“‘तुम्ही’ कोणाला म्हणतेस? माझ्यामागे कोणी उभं आहे का? इथे सगळ्यांना ‘तू’च म्हणायचं, कितीदा सांगितलं!”

ती हसली. “बरं, आस्लाउग. बस. आणि ओरडू नकोस, मी काही नगरपालिका नाही.”

“नगरपालिका असतीस तर एव्हाना रडली असतीस. कागदावर तू जादा मदतीला आहेस. जादा! आणि इथे सगळा कारभार तुझ्याच डोक्यावर. फुकटचं मनुष्यबळ मिळालं की यांना पंख फुटतात.”

“मला आवडतं इथे,” तिनं खांदे उडवले. “पहिल्या आठवड्यात मात्र झोप नव्हती. बाळांना बर्फात झोपवतात म्हणून आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, पोलिसांना बोलाव.”

“मग बोलावलंस?”

“इथला पोलीसच आपलं बाळ झोपवायला घेऊन आला. कुणाकडे तक्रार करू?”

मला हसू आलं. पाव कापून आम्ही खाल्ला. फडताळावर बेबी मॉनिटर होता. त्याचा दुसरा डबा बाहेर वळचणीच्या खिळ्याला टांगलेला. त्यातून वारा आणि थेंबांचा आवाज येत होता.

मग त्यात कुणीतरी गुणगुणलं.

शब्द नव्हते. एकच सूर, खालचा, जुन्या झोक्यासारखा पुढेमागे होणारा. बाईचा आवाज. इनेशनं पातेल्यावरचा हात थांबवला, पण ती घाबरली नव्हती.

“आली वाटतं,” ती म्हणाली.

“कोण आली?”

“तुमच्यातलीच कुणीतरी आजी. गेला आठवडाभर येतेय. मी खिडकीतून बघते तोवर गेलेली असते. मला वाटलं, हाही इथला काहीतरी रिवाज असेल... कुणाला विचारलं नाही. परवा नाव चुकीचं उच्चारलं तर सगळे हसले होते.”

“असा रिवाज नाही आमच्यात,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच हळू वाटला. “परक्याच्या बाळाच्या गाडीला इथे कुणी बोट लावत नाही.”

मॉनिटरमधून आता दुसरा आवाज येत होता. भुसभुशीत बर्फावरून चाकं सरकल्याचा, करकर... करकर. मग थांबला. पुन्हा गुणगुणणं. पुन्हा करकर.

“गाड्या हलवतंय कोणीतरी...” इनेश पुटपुटली.

आणि मग त्या डब्याच्या अगदी जवळ तोंड नेल्यासारखा एक श्वास, लांब, ओला, आणि कुजबुज, “श्श...”

मी बूट शोधायला वाकले. इनेश मोज्यांवरच धावली.

बाहेर आले तेव्हा वळचण रिकामी होती.

मी खूप अपघात पाहिलेत. बुडालेल्या बोटींच्या धक्क्यावर रात्री काढल्या आहेत. पण ती रिकामी जागा... चाकांनी दाबलेल्या चार खाचा, आणि काहीच नाही. मुलीला काय सांगू, हा एकच विचार डोक्यात घोंघावत राहिला.

“आस्लाउग,” इनेश म्हणाली. “तिकडे...”

अंगणाच्या पलीकडे, बोटींच्या जुन्या शेडच्या भिंतीला, गाड्या ओळीनं उभ्या होत्या. वाऱ्याकडे पाठ करून, झाकणं नीट ओढून. आजूबाजूला माणूस नाही. आम्ही दोघी धावलो. मी सिग्नेचं झाकण वर केलं. नाक. टोपी. श्वास. गालाला हात लावला तर गाल गरम. इनेश एकेका गाडीत वाकत आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, देवाचं असावं.

“सगळे आहेत,” ती म्हणाली. “सगळे झोपलेत...”

तेवढ्यात छपरावर काहीतरी गुरगुरलं.

आधी लांबून, पोटातून आल्यासारखं. मग पत्रा कळवळला आणि अख्खा उतार एकदम सुटला. बर्फ आणि त्याखाली गोठलेला बर्फाचा थर, सगळंच. वळचणीचा दिवा विझला. हवेचा लोट आमच्या तोंडावर आदळला, डोळ्यांत भुकटी गेली. जमीन हादरली आणि मग एकदम शांत झालं, कान बधिर झाल्यासारखं.

त्या शांततेत सिग्ने शिंकली.

असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. मी हसत होते की रडत होते, मला माहीत नाही. इनेश मोज्यांवर बर्फात बसली होती आणि माझा कोट घट्ट धरून हसत होती.

बेरित मुलांची रांग घेऊन फाटकात आली तेव्हा तिला आधी तो ढिगारा दिसला. माणसापेक्षा उंच, बरोब्बर गाड्यांच्या जागी. तिच्या तोंडून जे निघालं त्याला किंकाळी म्हणता येणार नाही. ती गुडघ्यांवर पडून नुसत्या हातांनी बर्फ उकरायला लागली.

“इथे आहेत!” इनेश ओरडली. “बेरित! सगळे इथे आहेत!”

बेरितनं तिला असं मिठीत घेतलं की मुलीचा श्वास अडकला. “तू हलवल्यास... वेळेवर हलवल्यास तू...”

“मी नाही,” इनेश म्हणाली.

त्या वेळी कुणी ऐकलं नाही. पण संध्याकाळी नगरपालिकेचे साहेब आले आणि त्यांनी मात्र ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्वयंसेविकेच्या प्रसंगावधानानं बाळं वाचली, तिचा सत्कार करू, फोटो काढू. म्हणजे छपराचं नाव निघायला नको! मी तोंड उघडणार, तोच इनेश म्हणाली, “मी सूप करत होते. मी एकटी होते. गाड्या मी हलवल्या नाहीत. तुमचं छप्पर पडलं नाही, तुमचा बर्फ पडला, आणि तो अडवायला गज हवे होते. फोटो त्याचा काढा.”

साहेबांचा चेहरा उतरला. तो आठवडा आमच्या साप्ताहिकाचा होता. दहा दिवसांत गज बसले, आणखी एक बाई कायमची नेमली गेली, आणि इनेशला एकटीला ठेवायचं नाही, असा लेखी हुकूम निघाला. तिला घरी पाठवायची कुजबुज झाली होती; ती आमच्या बायकांनी तिथल्या तिथे गाडून टाकली. जूनपर्यंत ती राहिली. बाळं अजूनही बाहेरच झोपतात, पण शेडच्या भिंतीला. हे सगळं मी छापलं.

छापलं नाही ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओड्वार, नगरपालिकेचा शिपाई, ढिगारा उपसत होता. पाळणाघराच्या खिडकीत मी दिसताच त्यानं मला हाक मारली.

“आस्लाउग, ये जरा. कॅमेरा नको आणू.”

ढिगाऱ्याच्या मधोमध, बर्फ कापता कापता, त्याचं फावडं एका पोकळीत घुसलं होतं. उभ्या माणसाएवढी पोकळी. वरच्या बाजूला खांदे रुंद, पाठ वाकलेली, दोन्ही बाजू पुढे आलेल्या, कुणी एखाद्या गोष्टीवर ओणवं होऊन हात पसरावेत तशा. बर्फ तिच्यावरून गेला होता, तिच्यात नाही.

“हवेची पोकळी असते कधी कधी,” मी म्हणाले.

“असते ना,” ओड्वार म्हणाला. “हात घाल.”

मी हातमोजा काढून हात घातला. आतल्या भिंती भुसभुशीत नव्हत्या. गुळगुळीत होत्या, काचेसारख्या. वितळून पुन्हा गोठलेल्या. कुणीतरी बराच वेळ आत उभं होतं, आणि त्याचं अंग गरम होतं.

“बाहेर कुठून पडली?” मी विचारलं.

ओड्वारनं फावडं बर्फात रोवलं आणि कपाळ पुसलं. “तेच शोधतोय सकाळपासून,” तो म्हणाला. “चारही बाजूंनी बंद आहे.”