एंगेज लाइनवरचा राजवर्धन

सत्त्याण्णव साली सांगलीतल्या अकरावीच्या पोरांना एक फुकटची गंमत सापडली होती. कुपवाडमधल्या एका बंद कारखान्याचा नंबर सदा एंगेज लागायचा, आणि तोच नंबर दोघाचौघांनी एकदम फिरवला, की दोन टूंटूंच्या मधल्या फटीत एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं. फोन लागतच नाही, तर बिल कुठलं येणार? दुपारी आई लवंडली, की विश्रामबागेतली श्रद्धा फोनपाशी बसलीच म्हणून समजा. पलीकडे गावभागातली अपूर्वा, तिची जिवाची मैत्रीण. अधूनमधून वर्गातला धवल. अर्धे शब्द टूंटूं गिळून टाकायचं, पण मजा भारी यायची.

दिवाळीनंतर त्यात राजवर्धन आला. ‘आमी पाटणचं,’ एवढंच म्हणाला. आवाज अदबशीर, गोड. पाटणच्या माणसाला कुपवाडचा हा नंबर मिळाला कुठून, असं कुणी विचारलं नाही. अपूर्वा तर पार विरघळली. श्रद्धाच्या लक्षात आलं ते निराळंच. तो बोलू लागला, की टूंटूं थांबायचं.

त्याचा प्रश्न ठरलेला असे. ‘घरात कोन कोन हाय?’

अपूर्वा हसत हसत सगळं सांगायची. श्रद्धानं मात्र कधी ताकास तूर लागू दिली नाही.

मग एका दुपारी अपूर्वा म्हणाली, ‘श्रद्धा, मी निघाले. त्यानं आयर्विन पुलाखाली बोलावलंय.’

‘वेडी का खुळी तू? कोण कुठला तो! थांब, मी येतेय.’

अपूर्वाला घरीच गाठावं म्हणून श्रद्धानं सायकल काढली. अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं, अपूर्वा बोलताना टूंटूं एकदाही वाजलं नव्हतं. पोरीचं काही बरंवाईट झालं असलं तर?

अपूर्वा घरीच होती. ओट्यावर बसून मटार सोलत होती.

‘फोन? अगं, परवापासून बंद आहे आमचा. रस्ता खणताना केबल तोडली मेल्यांनी.’

‘मग आत्ता माझ्याशी कोण बोललं?’

अपूर्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

श्रद्धानं आत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. काही नाही. ती तो ठेवणार, इतक्यात आवाज आला.

‘घरात कोन कोन हाय?’

तिनं ओठ गच्च मिटून घेतले.

तरी उत्तर गेलं. आवाज तिचाच होता.

‘आई एकटीच आहे. झोपलीय. दार मी उघडंच टाकून आलेय.’